परातीतलं कार्ड

बोईसरला कामगारांची खानावळ चालवणाऱ्या रंभाबाई तोंडाने फटकळ, पण हिशेबाला चोख. नवऱ्याचं, झुंबररावांचं, ऑपरेशन त्यांनी क्रेडिट कार्डावर उरकलं होतं. वर्षभर त्या बँक म्हणेल ती किमान रक्कम भरत राहिल्या. सगळं व्याजातच गेलं, कर्ज जागचं हललं नाही.

दुसऱ्या एका बँकेचा माणूस रोज जेवायला येई. तो म्हणाला, "मावशी, ही बाकी आमच्या कार्डावर वळवा. सहा महिने व्याज नाही."

"वळवायचे किती घेणार? आणि सहा महिन्यांनंतर?" रंभाबाईंनी लाटणं न थांबवता विचारलं.

तो जरा चाचरला. "फी एकदाच. पण फिटलं नाही तर पुढे व्याज पहिल्यासारखंच."

"मग सहा महिन्यांतच फेडते."

बाकी वळवली आणि रंभाबाईंनी रात्रपाळीचे डबेही सुरू केले.

झुंबरराव मात्र खुशीत. "अगं, जुनं कार्ड रिकामं झालं की! त्यावर टीव्ही आणू."

"खरकट्या ताटात परत वाढून घेता का तुम्ही?" रंभाबाई कडाडल्या. त्यांनी बँकेत जाऊन ते कार्ड कायमचं बंद केलं आणि तेच परातीला चिकटलेली कणीक खरवडायला घेतलं.

सहा महिने सरायच्या आत सगळं फिटलं. नवं कार्डही बंद झालं. आता परातीत दोन कार्डं असतात. दुसरं, नवं, झुंबररावांना खरवडायला; हल्ली कणीक तेच मळतात.