मार्क देणारी पोट्टी

रायपूर राजधानी झालं आणि जुन्या सरकारी वसाहती पाडून उंच इमारती बांधायच्या गोष्टी सुरू झाल्या. त्याआधी कोणती वसाहत जपण्यासारखी आहे, हे तपासायचं काम समता कॉलोनीतल्या आमच्या छोट्या ऑफिसला मिळालं. मी तिथे नवीनच आर्किटेक्ट होते. माझ्या वाट्याला भनपुरीकडच्या कामगारांसाठी बांधलेल्या दोन मजली इमारती आल्या. सिमेंटच्या जाळ्या, पातळ सज्जे, मोझॅकची फरशी. घर मूळचं तसंच राहिलं असेल तर जास्त गुण, बदललं असेल तर कमी.

हा नियम मी पहिल्याच घरात सांगून बसले. दुपारपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं की एक पोट्टी घरांना मार्क देऊन राहिली.

त्या पहिल्या घरातल्या काकूंनी मला आलूपोहे खाऊ घातले, चकचकीत टाइल्स दाखवल्या, गुलाबी फॉल्स सीलिंगचे दिवे लावून दाखवले. मी अकरा गुण लिहिले.

"शंभरातून?" त्यांनी विचारलं.

"हो काकू."

"अन् वरच्याले किती?"

वरच्या घरात उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून रिटायर झालेले काका आणि त्यांची बायको राहत. काकांनी राहायला आल्यापासून घरात एक खिळा ठोकला नव्हता. बाथरूमची कडी कधीच तुटली होती, म्हणून आत असेल त्याने गात राहायचं, असा घरात नियम होता. मी एकोणनव्वद दिले.

काका खुर्चीत ताठ बसले. "ऐकून राहिली काय? मी हे सगळं जतन करून राहिलो होतो."

"जतन?" त्यांची बायको म्हणाली. "सुतार आणा, सुतार आणा म्हणून माझं तोंड दुखलं."

तेवढ्यात खालच्या काकू वर आल्या. त्यांनी छताकडे पाहिलं. "इथं तं प्लास्टर पडून राहिलं."

"मूळचं आहे," मी म्हणाले.

"हव, मूळचंच पडून राहिलं," त्या म्हणाल्या आणि रागाने खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान स्टुलावर चढून फॉल्स सीलिंग काढताना दिसले. आता गुण वाढणार नाहीत, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "मले ते कधीच आवडलं नव्हतं. आता कारण मिळालं."

मोजमापं घ्यायला मी पुन्हा वर गेले, तेव्हा काकांच्या बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"बाथरूमले कडी लावली तर किती कटतीन?"

"जुन्यासारखी पितळी लावली तर काहीच नाही. साधी लावली तर एक."

"एक काट," त्या म्हणाल्या. "मले गाता येत नाही, पोरी."

संध्याकाळी सुतार आला. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ऑफिसात साहेबांनी विचारलं, एकोणनव्वदचे अठ्ठ्याऐंशी काहून झाले? मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'रहिवाशांच्या विनंतीवरून'.