फोटोखालच्या टिपा

बायको वारली तेव्हा मी चारचौघांत रीतसर रडलो. खरा रडलो तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यासमोर, तेही रागानं.

कोल्हापुरात आमचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ. फोटो मी काढायचो, अल्बम ती लावायची. मांडवात मला फक्त उजेड दिसायचा. कोण रुसलंय, कोणाचा मान राहिलाय, हे बायकांत बसून तिला कळायचं. आमच्याकडं लग्नातलं जेवण खारट झालं तर माणसं विसरतील, मान चुकला तर नातवंडंसुद्धा उकरून काढतील. म्हणून ती कॉम्प्युटरवर फोल्डर उघडायची, फोटोवर क्लिक करायची आणि बाजूला टीप लिहायची जागा होती तिथं लिहून ठेवायची. 'अहो, हा नवरीचा मामा. पहिल्या पानावर घ्या, आधीच फुगलाय.' 'अहो, ही आत्या डोळे मिटते, दुसरा बघा.' ती गेल्यावर दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी एकेका फोटोवर क्लिक करत बसायचो. बोलल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर फोल्डरची खिडकीच नवी. गोल कोपरे, ही एवढी मोकळी जागा, आणि टिपांची जागा गायब. वर कौतुकानं लिहिलेलं, आता आणखी सुटसुटीत! आग लागो तुमच्या सुटसुटीतपणाला. असेल नसेल ते बटण दाबून बघितलं, आणि शेवटी डबा उचलून दुरुस्तीवाल्याकडं गेलो.

त्यानं बराच खटाटोप केला. टिपा फोटोत नव्हत्याच म्हणे, जुन्या खिडकीनं त्या आपल्यापाशी ठेवल्या होत्या. नवी आली आणि त्या पुसल्या गेल्या.

"पावणं, कंपनीनंच काढून टाकलंय ते. कोण वापरतच न्हाय की."

मी रडत असा ओरडलो की शेजारचा चहावाला गाडा सोडून बघायला आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण ज्यांचा दोष त्यांना शिव्या घालायच्या तर जायचं कुठं? ते काय इथं जवळ मुरगूडला राहतात?

मुरगूडचाच एक अल्बम राहिला होता. तिच्या हयातीतलं आमचं शेवटचं लग्न. पाहुण्यांनी फोटो निवडण्यातच वर्ष घालवलेलं. लावला माझ्या अकलेनं. नवऱ्यामुलाचे दोन चुलते, दोघंही फेटे बांधून ऐटीत. एक डाव्या पानावर घेतला, एक उजव्या.

अल्बम नेला आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्यामुलाची आई तो घेऊन दारात हजर.

"बांधावरनं दोघांचं बोलणं बंद हाय, आणि तुमी त्यास्नी समोरासमोर बसवलं? अल्बम मिटला की गालाला गाल! थोरलं दीर भरल्या ताटावरनं उठून गेलं की!" मग तिचा आवाज उतरला. "वहिनींना मी सांगितलं होतं, दादा. हितंच बसून, माझ्यासमोर टाईप केलं त्यांनी. तुमी वाचलं न्हाय व्हय?"

न्हाय. मुरगूडच्या टिपा मी उघडल्याच नव्हत्या. तिच्या हातच्या त्या शेवटच्या, त्या वाचल्या की संपलंच, म्हणून राखून ठेवल्या होत्या.

कोण वापरतच न्हाय म्हणं. मी वापरत होतो की.