तासाभराचं दार

ऑफिसात नकाशांच्या गुंडाळ्या साठतात, तसे किस्सेही साठतात. नकाशे निदान रद्दीत तरी देता येतात!

इंदूरच्या विजय नगरातलं आमचं आर्किटेक्टचं ऑफिस लहानसं. मुजुमदारसर आणि मी. सर पिढीजात इंदुरी, मी सांगलीहून आलेली. सरांचा एकच हट्ट: घराला लागून गॅरेज असेल, तर मधली भिंत वरपर्यंत भरीव हवी आणि मधलं दार आग अडवणारं, आपोआप बंद होणारं. आग गॅरेजमध्ये लागली तरी घरात शिरता कामा नये. नकाशावर आम्ही त्याला 'फायर डोअर' लिहितो. सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

* * *

एका क्लायंटनं नकाशा वास्तुवाल्याला दाखवला. दुसऱ्या दिवशी फोन. "मॅडमजी, दार गलत जागी आहे. फायर म्हणजे अग्नी, अग्नी म्हणजे आग्नेय दिशा!"

सर म्हणाले, "सांग त्यांना, हे अग्नीला आत न घेणारं दार आहे. याला कुठलीही दिशा चालते."

* * *

दुसऱ्याला मी सांगितलं, "हे एक तासाचं दार आहे." म्हणजे आग तासभर थोपवणारं. तो दचकलाच. "सिर्फ एक घंटा? आमचं जुनं सागवानी चाळीस वर्षं चाललं, मॅडम!"

* * *

मानपूरच्या एका बंगल्यात एसीच्या पाइपासाठी त्या भिंतीला भोक पाडलेलं. सरांनी ते बुजवायला लावलं. प्लंबरनं फोटो पाठवला, एकदम गुळगुळीत! सरांनी जाऊन बोट खुपसलं, तर आत पेपर कोंबून वरून पुट्टी. सरांनी तो पेपर ओढून काढला आणि उभ्याउभ्या वाचायला लागले.

प्लंबर खास इंदुरी अदबीनं म्हणाला, "भिया, ये तो पुराना है. आज का ला दूँ?"

* * *

सुदामा नगरच्या भागवतकाकूंचं मात्र हसण्यावारी नेता येईना. काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि पलंग गॅरेजला लागूनच्या खोलीत. आग लागली तर ते पळणार कसे? आणि काकूंनी ते दार सताड उघडं ठेवलेलं, भरलेल्या गॅस सिलिंडरचा टेकू लावून! मी किंचाळलेच.

"अगं, सगळे गॅरेजमधूनच येतात ना," काकू म्हणाल्या. "येणाऱ्याच्या तोंडावर दार आपटतं. एकदम खराब वाटतं!"

सरांनी स्वतः सिलिंडर उचलून हलवला. "वहिनी, पाहुणे रुसले तर समजूत काढता येईल."

काकू दोन महिने आमच्याशी धड बोलल्या नाहीत. पण दार बंद ठेवलं.

मग एका दुपारी गॅरेजमध्ये चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली. आम्ही धावत पोचलो. गॅरेज काळंठिक्कर, दार करपलेलं, पण आग घरात शिरली नव्हती. आणि काका? वॉकर घेऊन पुढच्या दारानं, आपल्या पायांनी बाहेर आलेले, शेजाऱ्यांच्या ओट्यावर चहा पीत होते. मला तर रडूच आलं.

दसऱ्याला काकूंनी बोलावलं. नवी स्कूटर, नवं दार. स्कूटरला झेंडूचा छोटासा हार आणि दाराला हा एवढा मोठा! सरांनी सवयीनं दार सोडून पाहिलं. हार मध्ये अडकला.

"वहिनी, दार लागत नाहीये."

काकूंनी हार उतरवला आणि थेट सरांच्या गळ्यात घातला. सर नको नको म्हणत राहिले. "आज काढायचा नाही!" काकूंचा हुकूम.

परतताना सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं सरांकडे बघून विचारलं, "क्या भिया, चुनाव जीत गए?"

सर म्हणाले, "जीता तो दरवाजा है भिया, हार मेरे गले पड़ा!"