चित्रकलेच्या सरांचे डोळे

मला माणसं पटकन ओळखता येतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. नवीन शिक्षक शाळेत रुजू झाला की मधल्या सुट्टीपर्यंत त्याच्याबद्दल माझं मत तयार असायचं, आणि शाळा सुटेपर्यंत ते सगळ्या स्टाफरूमचं झालेलं असायचं. मी मराठी शिकवते. बोलण्याची हौस आहे आणि शब्दांची कधी टंचाई पडत नाही.

आम्ही तिघं लातूरहून अहमदपूरला अपडाऊन करायचो. गाडी चित्रकलेच्या सरांची. त्यांच्या शेजारी इंग्रजीच्या मॅडम आणि मागच्या सीटवर डबे, पर्स, वह्यांचे गठ्ठे आणि मी. सर मूळचे किल्लारीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, अबोल. इंग्रजीच्या मॅडम ख्रिस्ती. दर रविवारी न चुकता चर्चला जायच्या, पण गाडीत कधी धर्माचं बोलायच्या नाहीत. बोलायच्या ते वांग्याच्या भाजीबद्दल, सुनेबद्दल आणि मुलांच्या स्पेलिंगबद्दल.

त्या वर्षी दिवाळीनंतर सरांचं वागणं बदललं. डोळे लाल दिसायला लागले. सकाळी सकाळी काळा चष्मा. एकदा शाळेच्या पायऱ्यांवर अडखळले, दोनदा समोरून आलेल्या मुख्याध्यापकांना नमस्कार न करता तसेच पुढे गेले. गाडी तर अशी चालवायचे की रस्त्यातला एकही खड्डा नाराज होऊ नये.

माझं निदान दोन दिवसांत झालं. तिसऱ्या दिवशी मी ते पीटीच्या सरांना सांगितलं. "सर घेऊन राहिलेत."

"काय घेऊन राहिलेत?"

"काय म्हणजे? दारू! डोळे बघा की त्यांचे."

"वास येतो का हो?"

"वास नाही येत. पण आजकाल बिनवासाची पण मिळते म्हणे."

असली दारू कुठं मिळते हे मला आजही ठाऊक नाही. पण पीटीच्या सरांनी मान डोलावली आणि आठवडाभरात शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ती बातमी 'म्हणे' वगळून कळली.

इंग्रजीच्या मॅडम तेवढ्या त्यात पडल्या नाहीत. मी विषय काढला की म्हणायच्या, "मी त्यांना पिताना पाहिलं नाही बाई."

मला त्याचा राग यायचा. एकदा मी टोमणा मारलाच. "तुमच्यात कुणाला नावं ठेवायची नसतात ना? म्हणून गप्प बसता तुम्ही. उद्या आपल्याला घेऊन गाडी खड्ड्यात गेली तरी बसाल गप्प."

त्यांनी डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवली. चटणी झकास होती, त्यामुळे भांडण पुढे गेलं नाही.

मग आला तो शनिवार. शनिवारी आमची सकाळची शाळा, म्हणजे दिवस उगवायच्या आतच लातूर सोडावं लागतं. ऊसतोडीचे दिवस होते. चाकूरच्या अलीकडे सूर्य नेमका समोर, काचेवर आला. पुढे एक उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी होती. चांगली घराएवढी ट्रॉली. मला मागच्या सीटवरून दिसली, मॅडमना दिसली. सरांची गाडी मात्र सरळ तिच्याकडेच चालली होती.

"सर! ट्रॉली!"

मॅडमचा एवढा मोठा आवाज मी आठ वर्षांत कधी ऐकला नव्हता. सरांनी करकचून ब्रेक दाबला. ट्रॉलीतल्या उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, बॉनेटला टेकलं, एवढ्यावर निभावलं. वह्यांचे गठ्ठे माझ्या अंगावर आणि डबा पायाखाली.

मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, चावी द्या."

"न्हाई, ते एकदम उजेड आला म्हणून..."

"चावी द्या. आज तुम्ही गाडी चालवायची नाही, आणि उद्यापासूनही नाही. एवढी मोठी ट्रॉली तुम्हाला दिसली नाही. का दिसली नाही, ते मला माहीत नाही. ते तुम्ही सांगा."

मला तर स्फुरणच चढलं. मी मागून म्हणाले, "मी तर कधीची सांगून राहिले..."

मॅडमनी नुसतं वळून पाहिलं.

सरांनी चष्मा काढला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. सूर्य समोर आला की सगळं दुधात बुडाल्यासारखं होतंय. चोळून चोळून डोळे लाल होतात. सहा महिने झाले." जरा थांबून म्हणाले, "वडलांचा डोळा आपरेशन करूनच गेला होता. लई भ्याव वाटतं मॅडम. अन् चित्रकलेच्या मास्तरला दिसत न्हाई, हे कुणाला सांगायचं?"

मी पायाखालचा डबा उचलायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

मॅडम त्यांना लगेच 'असू द्या, असू द्या' म्हणतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. "भीती वाटली हे समजतं मला," त्या म्हणाल्या. "पण दिसत नसताना आम्हाला घेऊन गाडी चालवलीत, हे चूक केलंत. फार मोठी चूक. सोमवारी रजा टाका. आपण दोघं दवाखान्यात जाऊ. मी सोबत येते."

पुढे गाडी मॅडमनी चालवली. त्यांच्याकडे लायसन्स होतं, सवय नव्हती. सेकंड गिअरच्या वर त्या गेल्याच नाहीत. एक टमटमवाला आम्हाला ओव्हरटेक करताना खिडकीतून वाकून बघत गेला. प्रार्थनेला पोचायचो ते आम्ही दुसऱ्या तासाला पोचलो.

मधल्या सुट्टीत मी मॅडमना शाळेमागच्या लिंबाखाली गाठलं. "तुम्हाला माहीत होतं का?"

"नव्हतं. एवढंच दिसत होतं की त्यांना खड्डे दिसत नाहीत. दोन आठवडे मनात होतं, विचारावं, विचारावं. माझंही चुकलंच. आधीच विचारायला पाहिजे होतं."

"पण तुमच्यात तर..."

"आमच्यात काय, 'न्याय करू नका', म्हणजे कुणाला दोषी ठरवू नका, हेच ना? आहे की. पण त्याचा अर्थ डोळे मिटून बसा असा नाही." त्या हसल्या. "तुम्ही मराठीच्या. कुसळ आणि मुसळ मुलांना शिकवता ना?"

शिकवते म्हणजे काय! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. वाक्यात उपयोग करा, दोन गुण.

"तुमची म्हण तिथंच संपते," मॅडम म्हणाल्या. "येशूचं बोलणं संपत नाही. तो म्हणतो, आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ तसंच राहू दे, असं तो म्हणत नाही. ते काढायचंच असतं. पण डोळ्यात हात घालायचा म्हणजे जवळ जावं लागतं बाई. लांबून नाही निघत ते."

वीस वर्षं मी ती म्हण शिकवत होते. तिच्यापुढे आणखी काही असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

त्या दिवशी शाळा सुटायच्या आत मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, चित्रकलेच्या सरांबद्दल जे तुमच्या कानावर आलं ते माझ्याकडून आलं आणि ते खोटं होतं. ते म्हणाले, "अच्छा?" आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. हे 'अच्छा' रागावण्यापेक्षा जास्त लागलं. स्टाफरूममध्येही सांगितलं. पीटीचे सर म्हणाले, "मग बिनवासाची मिळतच न्हाई का?" सगळे हसले. मी हसले नाही.

सगळ्यात अवघड होतं ते सरांना सांगणं. त्यांचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी फळं घेऊन घरी गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून ते खुर्चीत बसले होते. मी सगळं सांगून टाकलं, दारूपासून बिनवासाच्या दारूपर्यंत.

"हाव, माहीत होतं मला," सर म्हणाले.

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बरंच वाटलं की मला. आंधळा म्हणण्यापरीस बेवडा म्हणू द्या म्हटलं. बेवड्याला चित्र काढता येतं, असं तरी समजत्याल लोकं."

आतून त्यांच्या बायकोने चहा आणला. त्या माझ्याशी चार शब्दही बोलल्या नाहीत. त्यांच्याही कानावर ते गेलं असणार, आणि नवऱ्याइतकं सहज त्यांना ते घेता आलं नसणार. मी त्यांची माफी मागितली. त्या "चहा घ्या" एवढंच म्हणाल्या. पुढे वर्षभरात त्या माझ्याशी हळूहळू बोलायला लागल्या. अजूनही फार बोलतात असं नाही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं आणि जूनमध्ये सर पुन्हा गाडी चालवायला आले. मॅडमनी आधी डॉक्टरांचा कागद बघितला, मगच चावी परत दिली. मी माझी नवीन साडी नेसून गाडीत बसले. सरांनी आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"मॅडम, बोलू का एक? हा रंग तुमाला शोभत न्हाई."

मी चमकून इंग्रजीच्या मॅडमकडे पाहिलं. "हे काय हो? इथं नाही का लागू 'न्याय करू नका'?"

मॅडमनी मागे वळून साडीचा पदर बोटांत धरला, जरा उजेडात बघितला आणि म्हणाल्या, "नाही. सरांना आता नीट दिसतंय."