खिडकीजवळची खुर्ची

घाईबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते तिला मालकांनी ठेवलं, आणि त्यांचं देणं म्हणून तिनं ते आजवर मिरवलं. आता तिचं स्वतःचं हॉटेल आहे, हाताखाली माणसं आहेत, तरी कुणी नुसतं 'बाई' म्हटलं की दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली असं तिला वाटतं.

नाव पडलं ते जेवण्यावरून. नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडून तो घरी बसला, तेव्हा ती मालकांच्या हॉटेलात भांडी घासायला लागली. दिवसभर मोरीशी उभं राहायचं आणि उभ्या उभ्याच जेवायचं. ताटली सिंकच्या कडेवर, एक डोळा दाराकडे, आणि घास चावायच्या आत दुसरा घास तोंडात. हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई कुठेही गेली तरी तशीच जेवते. एकदा मालक दारात उभे राहून हा प्रकार बघत होते. म्हणाले, "घाईबाई, कुठली गाडी पकडायचीय?"

मालक म्हणजे बुटका, पोट सुटलेला, चपला फटफटवत फिरणारा माणूस. दिसायला असे की नवं गिऱ्हाईक त्यांनाच विचारी, मालक कुठे भेटतील म्हणून. पण या माणसाचा एक रिवाज होता, आणि तसा रिवाज ठेवणारा दुसरा मालक निदान माझ्या तरी बघण्यात नाही. प्रत्येक कामगारानं महिन्यातून एकदा, पाळीपाळीनं, ऐन जेवणाच्या वेळेला खिडकीजवळच्या टेबलावर गिऱ्हाईक म्हणून बसायचं. मेनू हातात घ्यायचा, हवं ते मागवायचं, आणि वाढायला स्वतः मालक. अटी दोनच. घाईनं जेवायचं नाही, आणि उठायच्या आधी एक तरी खोट काढायची.

पहिल्या पाळीला ती खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली. वाढलेलं सगळं खाल्लं आणि 'सगळं छान आहे' म्हणाली. मालकांच्या कपाळावर आठी पडली.

"छान आहे हे मला माझी बायकोपण सांगते, आणि तीही घाबरूनच," ते म्हणाले. "तुला तिथं कशाला बसवलंय मग?"

पुढच्या पाळीलाही ती मूग गिळून बसली. त्याच्या पुढच्या पाळीला मात्र सगळा धीर एकवटून सांगितलं की दाराखालच्या फटीतून वारा येतो, सूप पुढ्यात येईस्तोवर निवतं. मालक भरल्या हॉटेलात, गिऱ्हाइकांच्या देखत, दारापाशी उकिडवे बसले, फटीला हात लावून बघितला आणि सुताराला बोलावणं धाडलं. पुढच्या वेळी ती बसली तेव्हा दारात वारा नव्हता. सूप वाफाळत होतं. त्या सूपात तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. आपण काहीतरी बोललो आणि त्यामुळे एक दार बदललं, असं तिच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं. माहेरी नाही, सासरी तर नाहीच नाही.

धंदा ती त्या खुर्चीत बसून शिकली. मोरीतून टेबलांवर आली, टेबलांवरून सगळ्या हॉटेलाची देखरेख तिच्याकडे आली. मालक थकले आणि हॉटेल बंद करायची वेळ आली, तेव्हा सामान विकून टाकलं. खिडकीजवळची खुर्ची मात्र ती घरी घेऊन आली. नवऱ्यानं विचारलं, एकच कशाला? तिनं सांगितलं, एकच पुरते.

पुढे मालक गेले. तिनं जावेला स्वयंपाकात घेऊन स्वतःचं छोटं हॉटेल काढलं, खिडकीपाशी ती खुर्ची मांडली, आणि रिवाजही तोच ठेवला. जाऊबाईंनी नाक मुरडलं. माणसांना डोक्यावर बसवून ठेव, म्हणाल्या.

भांडी घासायला तिच्याकडे एक उतारवयाचा माणूस होता. सगळे त्याला मौनी म्हणत, कारण तो दिवसभर जेवढं बोले तेवढं बाकीचे एका श्वासात बोलत. दर पाळीला बसे, मान खाली घालून जेवे, 'छान आहे' म्हणे आणि मोरीत पळे. घाईबाई त्याला रागवत नसे. तिला स्वतःची पहिली पाळी आठवे.

मग समोरचा रस्ता खणला गेला. धूळ, पत्रे, अडथळे. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. जेवणाच्या वेळी टेबलं भरत, पण एकदाच, एरवी शुकशुकाट. जाऊबाईंनी स्पष्टच सांगितलं की एखाद्याला घरी पाठवावं लागणार, आणि तो एखादा म्हणजे मौनीच. वाचायचा एकच मार्ग होता. कोपऱ्यावरच्या मोठ्या ऑफिसला रोजचं जेवण पुरवायचं काम निघालं होतं. तिथले साहेब येऊन, जेवून बघून ठरवणार होते. ते काम मिळालं तर सगळ्यांच्या नोकऱ्या राहणार होत्या. घाईबाईचा जीव टांगणीला लागला होता.

साहेब आले ते ठरल्याच्या आदल्या दिवशी, दोन पाहुण्यांना घेऊन, भर दुपारी. सगळी टेबलं भरलेली. खिडकीशी मौनी बसला होता, आज त्याची पाळी होती. सूप नुकतंच पुढ्यात आलं होतं.

साहेबांनी खिडकीकडे बोट दाखवलं. तो तर तुमच्याच कामावरचा आहे ना, मघाशी मागच्या दारात कचरा टाकत होता, असं म्हणाले. त्याला उठवा, आम्ही बसतो. आवाज चढा नव्हता. सांगणंही तसं सरळच होतं. मौनीनं ते ऐकलं आणि वाटी उचलून अर्धा उठलासुद्धा.

घाईबाईनं साहेबांकडे पाहिलं, मौनीकडे पाहिलं. तो मागाहून जेवला असता तर काय बिघडणार होतं? त्याचीच नोकरी वाचणार होती. कुणीही तिला नाव ठेवलं नसतं, मौनीनं तर नाहीच. आणि तेव्हाच तिला आठवलं, एकदा तिच्या पाळीला दारात माणसं खोळंबली होती आणि ती अशीच अर्धी उठली होती. मालकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं होतं. ती माणसं कोण होती, ती निघून गेल्यानं मालकांचं काय गेलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तिलाही विचारायचं सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा सुचलं.

ती खिडकीशी गेली आणि मौनीच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक जेवणावरून उठत नसतं." मग साहेबांकडे वळली. "थोडं थांबावं लागेल, साहेब. बाहेर खुर्च्या टाकून देते."

साहेब थांबले नाहीत. पाहुण्यांना घेऊन निघून गेले. आतून जाऊबाईंनी कपाळावर हात मारून घेतलेला सगळ्यांना ऐकू आला.

ते काम गेलं ते गेलंच. पुढचे महिने फार ओढगस्तीत काढावे लागले. जाऊबाई स्वतः डबे घेऊन आसपासच्या दुकानांत हिंडल्या, वाटेत थोरल्या जावेच्या हक्कानं घाईबाईला लाखोली वाहत हिंडल्या, पण कुणाला घरी पाठवलं नाही. हे सगळं पुढचं.

त्या दुपारी मौनी सावकाश जेवला. खुर्चीला पाठ टेकून जेवला. घाईबाई वाढत राहिली. शेवटी ताट उचलायला आली तेव्हा त्याला खोट विचारायचंही तिच्या मनात नव्हतं.

त्यानं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"याला साबणाचा वास येतोय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "ग्लास मीच धुतलाय."

तिनं ग्लास नाकाशी धरला. येत होता खरा. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही लपवायला ती ग्लास घेऊन मोरीकडे गेली. तो तिनं स्वतः धुतला, पाणी भरलं, आणि त्याच्यासमोर आणून ठेवला. तो पाणी पिऊन होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.