मुका टीव्ही

आमचे मालक गेले तवा घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता. त्यातला एकबी शब्द त्यांना ऐकू आला न्हाई.

आज वर्ष झालं. मला अक्षर येत न्हाई. मी सांगून राहिले, नात पूजा मोबाईलवर, ग्रुपात लिहून राहिली. पूजा, माझा राग कमी करून लिहू नको.

कापसाच्या जिनिंगच्या मशीनपाशी उभं राहून राहून मालकांचे कान गेले होते. पण चौथी शिकलेले.

आमचा जुना टीव्ही बंद पडला, त्याच टायमाला लेक प्रकाशचा हिंगोलीतला कॉम्प्युटर क्लास बंद झाला. त्यानं तिथला एक मॉनिटर घरी आणून त्याला डिशचा डबा जोडला.

"आई, एचडी टीव्ही झक मारतो याच्यापुढं!"

दिसायला बराबर दिसलं. पण आवाजच न्हाई! त्याच्यात स्पीकरच नव्हता.

शेजारची शेवंता म्हणली, "काकू, बहिऱ्या नवऱ्याला मुका टीव्ही. जोडा जमला बगा."

अख्खी गल्ली हसली. मीबी हसले.

मालक हसले न्हाईत. खुर्ची पुढं घेतली, अन् बातम्यांखाली पट्टी पळते ना, ती वाचायला लागले.

बहिऱ्या माणसाचा आवाज. पार आमच्या बाळापूरच्या बसस्टँडपर्यंत जायचा.

"हळदीचा भाव वाढला!"

मी हात नाचवून विचारायची, आपल्याकडं एक कांडी न्हाई, काहून वरडता?

"तुला कळावं म्हणून!"

जुन्या टीव्हीवर अक्षरं मुंग्यांवानी दिसायची. याच्यावर म्हणे छापल्यावानी.

मालिका लागली की उलटं. "काय म्हणून राहिली ती सासू?"

मला तरी कुठं ऐकू येत होतं? मी मनानंच सांगायची, हातवारे करून. म्हणती, सुनेचा नवरा बिनकामाचा हाय.

"हे सासू म्हणती का तू?"

सगळ्या संसारात एवढं बोललो नव्हतो.

मग मलाच मस्ती आली. "मला आवाजाचा टीव्ही पाहिजे." रोज प्रकाशचं डोकं खाल्लं.

आणला त्यानं. मोठा, खरा एचडी. पार वर, भिंतीला टांगला. "मॉनिटर भंगारात देऊ का?" म्हणला. मीच म्हणले, दे.

मालकांना कोणी विचारलं न्हाई.

वरची पट्टी त्यांच्या डोळ्याला लागेना. दोन दिवस मान वर करून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी खुर्ची उचलून ओट्यावर न्हेली.

एकदा आत आले. "काय म्हणून राहिली ती?"

मी टीव्हीवरची नजर न काढता हात केला. थांबा, जाहिरात लागू द्या.

जाहिरात लागली तवा ते बाहेर गेले होते.

त्याच खुर्चीत गेले. मी आत मालिका ऐकत होते.

आता तुमी सगळे खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहाल. शेवंता, तू लिहू नको. तू हसली होती. प्रकाश, तूबी नको.

अन् मी? माझ्यावरचा राग मी कोणावर काढू?

आवो, तुमच्यावरबी राग हाय. कान गेले होते, तोंड तर होतं! "मला वाचता येईना" एवढं वरडायला काय झालं होतं? हळदीच्या भावाला तर वरडत होते!

आज टीव्ही बंद ठेवलाय. तुमच्या ओट्यावर उभी हाय.

घ्या माझा जयभीम. वरडून म्हणून राहिले. जाऊ दे बसस्टँडपर्यंत.