औषध कुणी भरायचं

ऐंशी सालच्या आसपास मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात, कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होते. वॉर्डाच्या टोकाला एक अरुंद खोली होती. एक टेबल, एक कपाट आणि वर करकरणारा पंखा. पेशंटची इंजेक्शनं आम्ही तिथेच तयार करायचो. बाटलीतल्या पावडरीत सुईनं सलाईन सोडायचं, हलवायचं आणि औषध सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं. सुई बाहेर काढताना पुष्कळदा बारीक फवारा उडे. हातावर, कधी तोंडावर. त्यातलं एक औषध लालभडक होतं. पांढऱ्या साडीवर पडलेले त्याचे डाग निघत नसत, आणि आमची तक्रार काय ती तेवढीच होती.

हे काम मला आक्कानं शिकवलं. ती गडहिंग्लजकडची, वॉर्डातली माझ्याहून मोठी नर्स. दिवसभर मोठमोठ्यानं बोलत पेशंटना हसवायची. लग्नानंतर तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. सासरच्यांनी उपास सांगितले, गंडेदोरे बांधले. ती सगळं करत राहिली आणि औषधंही भरत राहिली.

एकदा ती इंजेक्शन देत असताना बिद्रीकडच्या एका पेशंटची बायको तिच्या वेणीकडे बघत म्हणाली, "सिस्टर, तुमचंबी केस लई गळाय लागल्यात. ह्येंच्यागत तुमीबी ह्येच औषध घेताय काय?"

"न्हाय वो," आक्का हसली. "काळजीनं गळत्यात."

मला मात्र हसू आलं नाही.

थोड्याच दिवसांनी आक्काला पुन्हा दिवस गेले. कपडे बदलताना तिनं हळूच सांगितलं. मी म्हटलं, "उद्यापासून औषधं मी भरते."

"आणि तुजं काय? तुजं लगीन व्हायचंय न्हवं अजून?"

तिला मी जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हे औषध वाढणाऱ्या पेशी मारतं. पोटातलं मूलही वाढतच असतं. पण भरताना तुमच्या अंगात किती जातं, ते मला खरंच माहीत नाही."

मग आम्ही सगळ्या नर्सांच्या प्रमुख असलेल्या मेट्रनबाईंकडे गेलो. बाई कडक, एकट्या राहणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या. "वॉर्डात भीती पसरवू नका," एवढंच बोलून त्यांनी आम्हाला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या न सांगता आमच्या खोलीत आल्या आणि आक्काच्या शेजारी उभ्या राहिल्या. आक्कानं सुई बाहेर काढली आणि लाल फवारा बाईंच्या चष्म्यावर उडाला. बाईंनी चष्मा काढला. काचेवरच्या ठिपक्यांकडे त्या बघत राहिल्या. मग त्यांनी फवारा खोलीभर पसरवणारा पंखा बंद केला.

"उद्यापासून तुम्ही दोघींनी इथं यायचं नाही. मी भरेन."

"बाई, तुम्ही?"

"मला आता मूल व्हायचं नाही."

त्यांनी ऑपरेशन थिएटरमधून रबरी हातमोजे मागवले. पुन्हा पुन्हा धुऊन वापरलेले, ठिगळ लावलेले. तोंडाला मास्क बांधून त्या रोज सकाळी खोलीत जायच्या आणि भरलेल्या सिरिंजचा ट्रे दाराशी ठेवायच्या. मेट्रनला असं काम करताना कुणी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला कुजबुज झाली, मग तिचीही सवय झाली.

आक्काला मुलगी झाली. तिनं अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले. आधीचे गर्भ त्या औषधानं गेले की आणखी कशानं, हे कुणालाच सांगता आलं नाही. मला ते आजही ठाऊक नाही.

निवृत्त होईपर्यंत बाईच औषधं भरत होत्या. नंतर ते काम पुन्हा आमच्याकडे आलं, पण हातमोज्यांशिवाय त्या खोलीत जायचं नाही हा नियम त्यांनी घालून ठेवला होता.

पुढे एकदा मी त्यांना भेटायला गेले. चहा ओतताना त्यांच्या बोटांची सोललेली कातडी दिसली. न राहवून विचारलं, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटायची?"

"वाटायची की. रोज," त्या म्हणाल्या, आणि कप माझ्यापुढे सरकवत आक्काची मुलगी आता कितवीत आहे ते विचारू लागल्या.